दुपारची कडी

मुलांची जेवणं झाली, तोंडं पुसून झाली, एकेकाला मोरीवर नेऊन आणलं, की मावशी दाराची वरची कडी लावायची. ही कडी तिच्या नवऱ्याने मुद्दाम उंचावर बसवली होती, मुलांचे हात पोचू नयेत म्हणून. बसवताना त्याने बायकोची उंची मात्र लक्षात घेतली नव्हती. त्यामुळे रोज दुपारी चवड्यांवर उभी राहून, जीभ दातांत धरून ती कडी सरकवायची, आणि एकदा सरकवली की मुलं आपणहून जागी होईपर्यंत साक्षात देव आला तरी दार उघडायची नाही. दारावरच्या घंटेची वायर तिने काढून टाकायला लावली होती. फोन पिठाच्या डब्यावर, फडक्यात गुंडाळून. नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या टोकाला होतं. त्याला जेवायला उशीर झाला तर तोही बाहेरच्या पायरीवर डबा खाऊन परत जायचा.

"एक उठलं की सगळी उठतात," हे तिचं शास्त्र. "आणि एक रडलं की सगळी रडतात. पहिल्याला काहीतरी झालेलं असतं. बाकीच्यांना काहीच झालेलं नसतं, पण सगळ्यांत मोठ्याने तीच रडतात."

तिला सगळे मावशीच म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, आणि मुलांसमोर नवराही विचारायचा, "मावशी, माझी पक्कड कुठं ठेवलीत?" तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पाळणाघर, मागच्या खोलीत संसार. पुढच्या खोलीत चटया, आणि प्रत्येक चटईच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचं ठिगळ, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही आपली जागा कळावी. दोन मुलांना दोन हातांनी एकाच वेळी थोपटायची, एकाला जलद, दुसऱ्याला सावकाश, आणि लय कधी चुकायची नाही.

टिकलीला मात्र थोपटून भागत नसे. टिकली म्हणजे नर्सबाईंची मुलगी. चार महिन्यांची असताना आली तेव्हा कपाळावरच्या टिकलीएवढीच दिसायची, म्हणून टिकली. आता पळायला लागली होती, पण झोपताना तिला मावशीचा डावा कान लागायचा. कानाची पाळी चिमटीत धरली की दोन मिनिटांत डोळे मिटायचे. कान सोडवून घ्यायला गेलं की उघडायचे. मग मावशी मान वाकडी करून तिच्याशेजारी पडून राहायची आणि संध्याकाळी नवऱ्याकडून मानेला बाम चोळून घ्यायची.

मावशीला अभिमान दोनच गोष्टींचा होता. एक ही दुपारची शांतता, आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ.

धाकटा एका दैनिकात उपसंपादक होता. बातम्या दुसरे लिहायचे, मथळे हा द्यायचा. मथळ्याखाली कुणाचं नाव नसतं, याचं मावशीला फार वाईट वाटायचं. म्हणून घरात एक खेळ सुरू झाला होता. दर रविवारी धाकटा जेवायला यायचा तेव्हा मावशी आठवड्याचे पेपर जमिनीवर पसरायची आणि त्यातले त्याचे मथळे ओळखायची. बहुतेक बरोबर ओळखायची.

"तू लहानपणीही असाच होतास," ती म्हणायची. "मांजर दिसलं की वाघ आला म्हणून ओरडत यायचास."

"आणि तू काठी घेऊन धावायचीस, ताई."

"मग? न धावून सांगते कुणाला!"

मागे एकदा त्याने 'पांढरं विष घराघरांत!' असा मथळा दिला होता. तो मावशीने पहिल्या फटक्यात ओळखला होता. नवऱ्यानेसुद्धा टाळी दिली होती. त्या दिवसापासून तिने कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याचं दूध बंद केलं आणि पिशवीतलं पातळ दूध आणायला लागली. बातमी लांबच्या कुठल्यातरी गावची होती, दुधात सापडलं होतं ते पाणी, आणि डेअरीवाल्याचा त्यात दुरूनही संबंध नव्हता. हे सगळं धाकट्याने स्वतःच जेवताना सांगितलं होतं. "तरी पण," मावशी म्हणाली होती, आणि तो विषय तिथे संपला होता.

एका सकाळी मावशीने दार उघडून पेपर उचलला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

'बंद दाराआड चिमुकल्यांचा आक्रोश! पाळणाघर की कोंडवाडा?'

"हा आमचाच!" तिने नवऱ्याला ओरडून सांगितलं. "उद्गारचिन्ह बघा. आणि वर प्रश्नचिन्ह. दोन्ही एकाच दमात दुसरा कोण देणार?"

नवरा दाढी करत होता. "पाळणाघराबद्दल आहे ना ते?" त्याने आरशातूनच विचारलं.

"लांबचं आहे कुठलं तरी. आतल्या पानावर आहे म्हणे पुढचं. नंतर वाचते."

आणि मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही पाळणाघरवालीने केलं नसतं. मुलांना सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईला तिने दारातच थांबवलं आणि तो मथळा मोठ्याने, हावभावांसकट वाचून दाखवला.

पहिली आली बँकेत काम करणारी, एका हातात मुलगा आणि दुसऱ्या हातात ऑफिसात बदलायच्या चपलांची पिशवी. "अगंबाई! कुठलं हो हे?"

"असेल कुठलं तरी. पण मथळा कसा पकडतो बघ ना मानगुटीला! शंभर टक्के आमच्या धाकट्याचा."

मग जुळ्यांची आई आली. तिलाही वाचून दाखवला. ती "बाई गं" म्हणाली आणि एका जुळ्याला उगाचच जवळ ओढून घेतलं. शेवटी नर्सबाई आल्या, रात्रपाळी उरकून, डोळे लाल, टिकली कडेवर. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. फक्त मान वर करून दाराच्या कडीकडे बघितलं. मावशीच्या ते लक्षात आलं नाही. ती मथळा दुसऱ्यांदा वाचत होती.

दुपारी नेहमीसारखी कडी लागली. दोन हातांनी थोपटून झालं. टिकलीने कान धरला. पंख्याचा आवाज, रस्त्यावरून जाणारी एखादी गाडी, बाकी खोली कशी पाण्यासारखी शांत. एवढ्यात दारावर थाप पडली.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं, जणू दारापलीकडच्याला ते दिसणार होतं.

दुसरी थाप. "मावशी! दार उघडा!"

तिसऱ्या थापेला बँकवालीचा मुलगा उठून बसला, त्याने आईचा आवाज ओळखला आणि भोकाड पसरलं. त्याचं ऐकून एक जुळा, त्याचं बघून दुसरा. मावशी कान सोडवून उठेपर्यंत टिकलीनेही सूर लावला होता. चवड्यांवर उभी राहून घाईघाईने कडी काढताना मावशीच्या बोटाला खरचटलं. दार उघडलं तेव्हा खोलीतलं एकूण एक मूल, डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, जिवाच्या आकांताने रडत होतं.

दारात बँकवाली उभी होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. मागे जुळ्यांची आई.

"बघा!" जुळ्यांची आई म्हणाली. "बघा कसा आक्रोश चाललाय!"

"अहो, तुम्ही उठवलंत त्यांना!"

"मग दार का बंद होतं?"

"रोज बंद असतं!"

"रोज?" दोघी एकदमच म्हणाल्या.

मावशी बघतच राहिली. याच दोघींना पहिल्या दिवशी तिने कडी दाखवली होती, झोपेची वेळ सांगितली होती, आणि याच दोघी एकमेकींकडे बघून "वा, शिस्त आहे हं" म्हणाल्या होत्या. दार तेच, कडी तीच, मुलं तीच. बदलला होता फक्त एक शब्द, शिस्तीच्या जागी कोंडवाडा, आणि तो तिनेच सकाळी दारात उभं राहून, आवाज चढवून यांच्या कानात ओतला होता.

थोड्या वेळाने नर्सबाई आल्या. अर्धवट झोपेतून उठून, घरातल्याच कपड्यांत. कुणीतरी फोन केला असणार. त्या भांडल्या नाहीत. टिकलीला उचललं आणि गेल्या.

तो घाव जास्त खोल लागला. कारण बाकीच्या आया नर्सबाईंकडे बघायच्या. मुलाला ताप आला, दात येताना जुलाब झाले, तर आधी त्यांना विचारायच्या. नर्सबाईंनी मूल काढून घेतलं म्हणजे त्यांना नक्की काहीतरी माहीत असणार, असं झालं. आठवडा उलटायच्या आत खोलीतल्या बऱ्याचशा चटया गुंडाळून भिंतीला टेकल्या.

मावशीने मग आतलं पान काढलं आणि पूर्ण बातमी वाचली. लांबच्या त्या पाळणाघराच्या दाराची खिट्टी अडकली होती. सुताराने येऊन ती काढेपर्यंत मुलं आणि सांभाळणाऱ्या बाई, सगळीच आत अडकली. कुणाला काही झालं नाही. बाहेर काढल्यावर मुलांना केळी दिली. शेवटच्या परिच्छेदात असंही लिहिलं होतं, की रडणाऱ्यांत सांभाळणाऱ्या बाईंचाच आवाज मोठा होता.

पेपर पिशवीत घालून ती बँकवालीच्या घरी गेली. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

"हो हो, मी वाचलं ते मावशी," बँकवाली म्हणाली. चहा केला, बिस्किटं दिली. "काही झालेलं नाहीच तिकडे. पण..."

"पण काय?"

"काही नाही हो. पण..."

जुळ्यांच्या आईकडेही तेच. चहा आणि पण. मावशी घरी आली ती तणतणत. "खून झाला म्हणाल्या असत्या तर झाला नाही म्हणून दाखवता आलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. "या 'पण'चं मी काय करू? कुठून धरायचं त्याला?"

नवऱ्याने रिकाम्या भिंतीकडे बघितलं. "तोवर मी चार मिक्सर आणून ठेवू का इथे? दुकानात जागा पुरत नाही."

"ठेवा की! मीही त्यांना दुपारी थोपटून झोपवते!"

नवऱ्याने मिक्सरचा विषय पुन्हा काढला नाही, पण एक दिवस तो टेप घेऊन भिंत मोजताना तिला दिसला.

रविवारी धाकटा आला. चपला काढता काढता नेहमीसारखं म्हणाला, "काय ताई, किती ओळखलेस या आठवड्यात?"

मावशीने तो पेपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला. पाणी ठेवायच्या जागी. धाकट्याने वाचला, मग भिंतीकडच्या गुंडाळलेल्या चटया बघितल्या. घास तोंडाशी नेलेला हात खाली आला.

"ताई, अगं, पण मी कोंडवाडा म्हटलेलंच नाही. प्रश्नचिन्ह आहे बघ पुढे. विचारलंय फक्त."

"तू रस्त्यात उभा राहून विचार, शेजारीण चोर आहे का. प्रश्नचिन्ह लाव हवं तर. मग बघ तिच्याकडे कोण हळद-मीठ मागायला जातं."

"आत सगळं खरं दिलंय. शेवटच्या परिच्छेदात."

"शेवटचा परिच्छेद कोण वाचतं?"

"तू नाही वाचलास, तो काय माझा दोष?"

हे मात्र वर्मी लागलं. नवऱ्याने हळूच भाताचं भांडं दोघांच्या मध्ये सरकवलं, पण त्याने काही होणार नव्हतं.

"मी नाही वाचला," मावशी म्हणाली. "कारण तू तसा लिहिलाच नव्हतास. खिट्टी अडकली, मुलं सुखरूप, असं लिहिलं असतंस तर मी तरी दारात उभी राहून कशाला मिरवलं असतं?"

"खिट्टी अडकली! ताई, खिट्टी अडकली म्हणून पेपर कोण उचलेल? आमचे साहेब म्हणतात, वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला पाहिजे."

"पडला ना. माझ्या पोटाला पडलाय. जाऊन सांग साहेबांना."

धाकटा न जेवता उठला नाही. तेवढी हिंमत तिच्या घरात कुणाचीच नव्हती. पण खाली मान घालून जेवला आणि जाताना उंबऱ्यात घुटमळला. "मी करतो काहीतरी," तो म्हणाला. मावशीला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

त्याने जे केलं ते चार दिवसांनी पेपरात आलं. आतल्या पानावर, मावशीच्या फोटोसकट. फोटो त्याच्या फोनमधला, मागे कधीतरी गमतीने काढलेला. मावशी मान वाकडी करून पडलेली, आणि शेजारी टिकली, डोळे मिटून, तिचा कान चिमटीत. टिकलीचा अर्धा चेहरा हाताआड गेला होता, पण ओळखणाऱ्याला ओळखू येत होता. आणि वर मथळा:

'जन्म दिला एकीने, माया लावली दुसरीने!'

खाली मजकूर चांगला होता. मावशीची स्वच्छता, ठिगळांच्या चटया, दोन हातांनी थोपटणं, सगळं खरं. शेवटच्या परिच्छेदात आयांच्या कष्टांबद्दलही दोन बऱ्या ओळी होत्या. मावशीने या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि मग कपाळाला हात लावून खाली बसली.

"चांगलं लिहिलंय की," नवरा म्हणाला.

"चांगलं? अहो, माया लावली दुसरीने! मग पहिलीने काय केलं? वाऱ्यावर सोडलं? जी तीन-चार मुलं उरलीत ना, त्यांच्या आयांनी हे वाचलं असेल आत्तापर्यंत."

उरलेल्यांपैकी एकीने त्याच सकाळी निरोप धाडला, की तिची सासू आता घरीच सांभाळणार आहे.

मावशीने धाकट्याला फोन लावला. "कसा वाटला?" त्याने उत्साहाने विचारलं. ती एवढंच म्हणाली, "आता या रविवारी येऊ नकोस," आणि फोन ठेवला. तो जेवायला येऊ लागल्यापासून रविवार चुकला नव्हता. तापातसुद्धा.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. बऱ्याच उंच होत्या त्या. चौकटीत उभ्या राहिल्या की उजेड अडायचा.

"टिकलीची उशी राहिलीय," त्या म्हणाल्या.

मावशीने कपाटातून उशी काढली. अभ्रा धुऊन ठेवला होता. "सिस्टर, तो फोटो मी नाही दिला."

"भाऊ तुमचाच ना?"

"माझाच. त्याला काय करू, सांगा."

नर्सबाईंनी उशी छातीशी धरली. "मावशी, घरी मी तिला माझा कान देते. धरत नाही. हात झटकते. रात्रपाळी करून येते, तिच्याशेजारी पडते, दोघीही टक्क जाग्या. आणि आज सासूबाईंनी तो पेपर माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. बोलल्या काही नाहीत. नुसता ठेवला."

ताटाशेजारी पेपर ठेवणं म्हणजे काय, हे मावशीला चांगलंच माहीत होतं.

"तुम्ही काही केलेलं नाहीत, मला कळतं ते," नर्सबाई पुढे म्हणाल्या. "ती पहिली बातमीही मी पूर्ण वाचलीय. पण डोळे मिटले की मला बंद दार दिसतं, आणि मी उठून बसते. मी रोज रक्त बघते, मला कशाची भीती वाटत नाही. याची वाटते. चौकापलीकडे नवीन पाळणाघर निघालंय, काचेच्या दाराचं. एक तारखेपासून तिथे घालतेय तिला. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून सांगितलं."

त्या गेल्या. काचेच्या दाराआड भर उजेडात मुलं झोपणार कशी, हा प्रश्न मावशीचा विचारायचाच राहिला.

रागाच्या भरात ती चहा करायला उठली, तर दूध संपलेलं. पिशवी घेऊन बाहेर पडली. नेहमीचं दुकान बंद होतं. कोपऱ्यावर डेअरी उघडी होती. मावशी डेअरीवरून पुढे गेली, थांबली, आणि स्वतःवरच चिडून परत फिरली.

डेअरीवाल्याने तिला बघितलं. भुवया वर गेल्या. "वाट चुकलात काय ताई?"

"अर्धा लिटर द्या."

"साधं देऊ का विषारी?"

हे तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. "जे ताजं असेल ते द्या," ती म्हणाली.

मापाने दूध ओतताना तो म्हणाला, "अहो, तुमच्या भावाच्या पेपरात ते आलं, त्या दिवशी मी हे आख्खं पातेलं गिऱ्हाइकांसमोर तोंडाला लावलं होतं. लोक म्हणाले, पितोय खरा. पण..."

"पण," मावशी म्हणाली.

"हां, तेच. नुसतं पण."

घरी येऊन तिने दूध तापवलं. साय जाड आली. चहा केला, नवऱ्याला दिला, स्वतःचा घेतला. नवऱ्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. "आता कसं! हे दूध!"

मावशीने कप तोंडाला लावला. वास चांगला होता. रंग चांगला होता. दुधात काही नाही हे तिला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं. पण घोट तोंडात गेला आणि जिभेवरच थांबला. गळा मिटला. तिला मोरीवर जाऊन थुंकावं लागलं.

"काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. चूळ भरून ती तशीच मोरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. डोक्याला पटलेलं गळ्याला पटत नव्हतं, आणि समजावण्यासाठी गळ्याला कान थोडेच असतात. तरी दुसऱ्या दिवशी तिने त्याच दुधाचा चहा केला. अर्धा कप गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, ती भाजी निवडत बसली होती, आणि चहा कधी संपला ते तिला कळलंसुद्धा नाही. रिकाम्या कपाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग भाजी तशीच टाकून उठली, चप्पल घातली आणि नर्सबाईंच्या घरी गेली.

नर्सबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. केस विस्कटलेले. टिकली त्यांच्या पायाशी, तीही पेंगुळलेली आणि चिडचिडी. मावशीला बघून तिने हात वर केले. मावशीने तिला उचललं नाही. फार जड गेलं, पण नाही उचललं.

"सिस्टर, मी समजवायला आलेले नाही," ती म्हणाली. "समजावून काही होत नाही. तुम्ही कामावरून आलात की झोपताच ना? मग एक तारखेपर्यंत माझ्याकडे झोपा."

"म्हणजे?"

"दुपारी. टिकलीला घेऊन या आणि आतच राहा. कडी तुम्ही लावा. तुमचा हात पोचतो. पाहिजे तेव्हा उघडा, मी अडवणार नाही. एक तारखेला मग कुठे न्यायचं तिथे न्या."

आतून सासूबाईंचं खाकरणं ऐकू आलं. नर्सबाईंनी तिकडे बघितलं, मग टिकलीकडे. "मी बसेन फक्त," त्या म्हणाल्या. "झोपणार नाही."

"नका झोपू."

पहिल्या दुपारी त्या खरंच बसून राहिल्या, पाठ दाराला टेकवून, पहारेकऱ्यासारख्या. कडी लावताना त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं नाही. नुसता हात वर केला आणि सरकवली, आणि मग थोड्या थोड्या वेळाने वर बघत राहिल्या. मधेच एकदा उठून त्यांनी कडी काढली, दार फटभर उघडलं, रस्ता बघितला, पुन्हा लावली. खट्ट आवाज झाला. एक जुळा असता तर उठला असता, असं मावशीच्या मनात आलं. पण जुळे होतेच कुठे? दोनच मुलं होती आणि टिकली.

दुसऱ्या दुपारी कडी दोनदा निघाली. मावशीने दात आवळून धरले. तिसऱ्या दुपारी एकदाही नाही.

आणि मग एका दुपारी, टिकलीने मावशीचा कान धरलेला, दुसरी दोघं घोरत पडलेली, मावशीने मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर नर्सबाई दारापाशी नव्हत्या. निळ्या ठिगळाच्या रिकाम्या चटईवर आडव्या झाल्या होत्या. चटई त्यांना गुडघ्यांपर्यंतच पुरत होती. तोंड किंचित उघडं, एक हात टिकलीच्या पावलावर. आतापर्यंतची न झालेली सगळी झोप एकदम वसूल करत होत्या.

एवढ्यात दारावर टकटक झाली.

मावशीने ती टकटक ओळखली. बोटाच्या पेराने, दोनदा, मग एकदा. लहानपणापासून तो अशीच वाजवायचा. सुट्टी काढून, बहुतेक हात जोडायला आलेला असणार; जमलं तर एखादा नवा मथळा डोक्यात घेऊन. तिने उठायचा प्रयत्न केला. टिकलीची चिमूट घट्ट झाली.

पुन्हा टकटक. "ताई? मी आहे. दार का बंद आहे?"

चटईवरच्या एका मुलाने कूस बदलली. आता हा उठणार, मग तो, मग टिकली. मग सिस्टर दचकून उठतील आणि परत त्यांना तेच सगळं दिसेल.

नर्सबाईंनी डोळे उघडले. क्षणभर त्या छताकडे बघत राहिल्या, आपण कुठे आहोत ते आठवत. मग उठल्या, अनवाणी दारापाशी गेल्या. मावशीला वाटलं, हात आता कडीकडे जाणार. हात वर गेला, पण कडी नीट बसलीय ना एवढंच चाचपून खाली आला. त्यांनी दाराच्या फटीला तोंड लावलं आणि वॉर्डमध्ये नातेवाइकांना दम देतात तशा दबक्या, पण उलट बोलायची कुणाची टाप होणार नाही अशा आवाजात म्हटलं,

"झोपेची वेळ आहे. नंतर या."

"अहो, पण मी मावशींचा..."

"कुणीही असा. नंतर."

त्या परत येऊन चटईवर आडव्या झाल्या आणि टिकलीच्या पावलावर हात ठेवून पहिल्यासारख्याच झोपल्या. बाहेर पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. पायरीला त्या वेळी कडक ऊन असतं, हे मावशीला माहीत होतं.

बसू दे जरा, ती मनात म्हणाली, आणि दुखणारी मान तशीच ठेवून डोळे मिटले.